वेताळ मराठीत परत कधी येणार?

नमस्कार श्रोते मंडळी.

दिवाळी अंकांच्या जाहिराती सुरू झाल्या की सांगलीत एक बातमी हमखास उठते. "ऐकलं का, इंद्रजाल परत येतंय म्हणे. मराठीत." इंद्रजाल म्हणजे वेताळाच्या, इंग्रजीतल्या फँटमच्या, गोष्टी छापणारी जुनी कॉमिक्स मालिका. सांगणारा पन्नाशीच्या पुढचा, ऐकणाराही पन्नाशीच्या पुढचा. बातमी विश्रामबागेतून निघते, मारुती रोडला येईपर्यंत तिला अंकाची किंमत चिकटलेली असते, आणि मिरजेत पोचते तेव्हा पहिला अंक कुणाच्या तरी मेव्हण्यानं पुण्यात डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा असतो. पाडवा होतो, भाऊबीज होते, अंक काही येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

घरचे हसतात. हसू देत. मला या आशेबद्दल जरा नीट बोलायचंय, कारण ती भाबडी वाटली तरी अगदीच निराधार नाही. फक्त आपण चुकीच्या दारात उभे आहोत, असं मला वाटतं.

तरुण श्रोत्यांसाठी थोडं मागचं सांगतो. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं. आधी मासिक होतं, मग पाक्षिक, आणि शेवटची वर्षं तर दर आठवड्याला यायचं. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखीही भारतीय भाषांत निघायचं. त्यात जादूगार मॅण्ड्रेक असायचा, फ्लॅश गॉर्डन असायचा, १९७६ पासून आबिद सुरतींचा आपल्या मातीतला बहादूर आला. पण राजा एकच, वेताळ. जांभळा पोशाख, डोळ्यांवर पट्टी, कवटीची गुहा, आणि ठोसा बसला की गुंडाच्या हनुवटीवर उमटणारी अंगठीची कवटी. वेताळ राहतो त्या आफ्रिकेतल्या जंगलाच्या देशाला आपल्याकडे डेंकाली म्हणायचे. मूळ इंग्रजीत त्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं आहे, आणि भारतात ते जसंच्या तसं छापलं असतं तर पोरांनी कवटीची गुहा कलकत्त्याजवळ शोधली असती!

ली फॉक या अमेरिकन लेखकानं वेताळ १९३६ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट पोशाख आणि बुबुळं न दिसणारी पट्टी घालून हाणामारी करणारा गडी आधी आमचा. त्याला उडता येत नाही, त्याच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही, म्हणून काही जण त्याला सुपरहिरो मानत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

आमच्या लहानपणी हे अंक विकत घेणारी घरं थोडी. बहुतेकांनी ते भाड्यानं वाचले. दुकानाच्या दारात सुतळी बांधलेली, तिच्यावर अंक मधोमध उघडून टांगलेले. मुखपृष्ठावर दुकानाचा शिक्का आणि पेनानं घातलेला नंबर, तोही नेमका वेताळाच्या तोंडावर. तिथंच फळकुटावर बसून वाचलं तर भाडं कमी, घरी नेलं तर जास्त. शेवटचं पान पुष्कळदा गायब असायचं. मग चाच्यांचा म्होरक्या सापडला की निसटला, हे वर्गातल्या एखाद्या शहाण्याला विचारावं लागे, आणि तो फुकट सांगत नसे.

१९९० मध्ये हे सगळं थांबलं. स्टॉलवाला म्हणाला, "येत न्हाई आता ते." बस्स.

आता मुद्द्यावर येतो. मालिका बंद पडली म्हणतो तेव्हा नक्की काय बंद पडलं? वेताळ बंद पडलेला नाही. ऑस्ट्रेलियात फ्रू नावाचे प्रकाशक १९४८ पासून वेताळाचे अंक काढतायत, अजून काढतायत. स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचं स्वतंत्र नियतकालिक आहे, आणि तिथल्या मंडळींनी जुन्या पट्ट्या छापण्यावर न थांबता नव्या कथा लिहवून घेतल्या, नवी चित्रं काढवून घेतली. ली फॉक १९९९ मध्ये वारले, तरी वेताळाला नव्या गोष्टी मिळत राहिल्या. आपल्याच देशात इंद्रजालनंतर डायमंड कॉमिक्सनं वेताळ आणि मॅण्ड्रेक छापले. म्हणजे गडी ठणठणीत आहे. आपल्याला हवाय तो लहानपणी मराठीत बोलणारा वेताळ, आणि "जंगलातली जुनी म्हण आहे" असं म्हणत चौकटीच्या कोपऱ्यातून कानात सांगणारा तो आवाज.

हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न पडतो. बंद पडलेल्या मालिका परत येतात तरी कशा? अमेरिकेत याची भरपूर उदाहरणं आहेत, आणि ती आपल्या चहाच्या टपरीवरच्या चर्चेपेक्षा बरंच काही शिकवतात.

एक्स-मेन घ्या, जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या मंडळींचा संघ. आज त्यांची नावं तिसरीतल्या पोराला पाठ असतात. १९७० मध्ये ती मालिका विकत नव्हती. नव्या कथा थांबल्या आणि पुढची पाच वर्षं त्या नावाखाली जुन्याच कथा पुन्हा छापल्या गेल्या. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी ती परत उभी केली, पण कशी? मूळ संघ पाच शाळकरी विद्यार्थ्यांचा, त्यांच्यापैकी पुढच्या संघात टिकला एकटा सायक्लॉप्स. बाकी सगळी नवी मंडळी. केनियातली स्टॉर्म, जर्मनीतला नाइटक्रॉलर, रशियातला कोलोसस, आणि कॅनडाचा तो तिरसट वुल्व्हरिन. मालिकेनं जग जिंकलं ते या लोकांच्या जिवावर.

सांगलीकराला हे समजावून सांगावं लागू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीता स्वयंवर केलं ते या गावात. जुनं नाटक नव्या संचात येतं, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिकीट काढताना आपण कुरकुरतो, "त्या आधीच्याची सर नाही हो," पण जातो. मध्यंतरात बटाटेवडा खाताना पुन्हा कुरकुरतो, आणि तिसऱ्या अंकाला डोळे पुसतो. कॉमिक्सच्या बाबतीत मात्र आपण हटून बसतो. तोच कागद, तीच अक्षरं, तोच शिक्का मारलेला वेताळ पाहिजे. तो कुणीच आणू शकत नाही, प्रकाशक कितीही भला असला तरी.

चाहत्यांनी मालिका वाचवल्याचं माझं आवडतं उदाहरण स्पायडर-गर्लचं. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, आणि त्याची बायको मेरी जेन यांची मुलगी मोठी होऊन बापाचा पोशाख घालते, अशी टॉम डिफाल्को आणि रॉन फ्रेन्झ यांची कल्पना. १९९८ मध्ये मालिका सुरू झाली. कंपनीनं ती बंद करायचं एकदा नाही, अनेकदा ठरवलं, आणि दर वेळी वाचकांनी पत्रांचा मारा करून तिला पुढं ढकललं. शंभर अंक झाले, २००६ मध्ये थांबली, त्याच वर्षी थोडं नाव बदलून पुन्हा आली, आणखी तीस अंक चालली. मग संपली. कायमची अमर झाली नाही. पण त्या पोरीला चाहत्यांनी मिळवून दिलेली वर्षं खरीच होती. डीसी कंपनीच्या मॅनहंटर मालिकेचंही असंच झालं. पंचविसाव्या अंकावर गाशा गुंडाळायचा होता, ओरड झाली म्हणून अडतिसाव्यापर्यंत गेली.

पण नुसत्या पत्रांनी काम भागत नाही. अमेरिकेत कॉमिक्सची दुकानं वेगळी असतात. दुकानदार अंक निघायच्या दोनेक महिने आधी मागणी नोंदवतो, आणि उरलेला माल बहुधा परत करता येत नाही. त्यामुळं तो हात राखून मागवतो. पहिला अंक वाचकाच्या हातात पडतो तोवर तिसऱ्या-चौथ्या अंकाची मागणी नोंदवून झालेली असते. वाचकाला मालिका आवडली की नाही हे कळायच्या आधीच तिचं भवितव्य ठरून जातं. म्हणून तिथला जाणता चाहता "किती छान" म्हणून घरी जात नाही. दुकानात जाऊन वहीत नाव लिहून येतो, माझा एक अंक राखून ठेवा म्हणून. आपल्याकडचे चाहते अंक आला की घेऊ म्हणतात. प्रकाशकाचा हिशेब त्याच्या आधीच पुरा झालेला असतो.

आणि याहून मोठी अडचण हक्कांची. मिरॅकलमॅन या नावाची एक मालिका आहे. तिचं मूळ पार १९५४ मधल्या इंग्लंडात. कॅप्टन मार्व्हल या सुपरहिरोवर अमेरिकेत खटला चालला, त्याचे अंक थांबले, आणि ते इंग्लंडात छापणाऱ्याकडे विकायला मालच उरला नाही. तेव्हा मिक अँग्लो यांनी त्याच घाटाचा मार्व्हलमॅन उभा केला. तो १९६३ मध्ये थांबला. १९८२ मध्ये ॲलन मूर यांनी त्याला परत आणला, पुढं अमेरिकेत नाव बदलून मिरॅकलमॅन करावं लागलं, मूर यांच्यानंतर नील गेमन लिहू लागले, आणि १९९३ मध्ये चोविसाव्या अंकावर गाडी अडली. प्रकाशक बुडाला. मग कोण म्हणतंय हक्क माझा, कोण म्हणतंय माझा. वकील, कोर्ट, कागद. अर्धवट राहिलेली ती कथा पुढं सरकली २०२२ मध्ये. एकोणतीस वर्षं! चाहते कमी नव्हते, विकत घेणारेही कमी नव्हते. सातबारा साफ नव्हता.

आता आपला वेताळ बघा. पात्र आणि चित्रं किंग फीचर्स या अमेरिकन संस्थेची. ते देतील परवाना, पैसे मोजले तर. पण जुने मराठी अंक जसेच्या तसे छापायचे म्हटले तर भाषांतर हीसुद्धा कायद्यानं स्वतंत्र कृती, तिचा हक्क वेगळा. म्हणजे दोन दरवाजे, दोन कुलपं. अमेरिकेच्या कायद्यानं १९३६ मधल्या पहिल्या पट्ट्यांवरचा हक्क ९५ वर्षांनी, म्हणजे २०३१ च्या अखेरीस संपतो. तोही फक्त त्या पहिल्या पट्ट्यांवरचा, आणि तिथला. नाव आणि चिन्हं व्यापारी नोंदणीत अडकलेली राहतीलच. तेव्हा, "आता काय, लवकरच फुकट होतंय सगळं," असं मारुती रोडला कुणी सांगितलं तर मान हलवा आणि पुढं चला.

मग सांगलीत बसून आपण काय करायचं? उत्तर मला महापुरानं दिलं, असं म्हणावं लागेल. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. गावभागातल्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरात तळमजल्यावर लोखंडी ट्रंक होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा आत अंक नव्हते, वीट होती. गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलेली, कडेनं गाळाची तपकिरी रेघ, पिनांचा गंज पानांत उतरलेला. लोक म्हणाले, टाका. स्नेह्यांनी मात्र कुठंतरी वाचलं होतं की भिजलेला कागद गोठवून ठेवला तर बुरशी धरत नाही, आणि सवडीनं सोडवता येतो. गावात वीज नव्हती. ते प्लास्टिकच्या पिशव्या भरून तासगावला बहिणीकडं गेले. कित्येक दिवस तिच्या फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी वेताळ झोपला होता. भाचा विचारायचा, "मामा, ह्यो कधी जायचा?" नंतर एकेक पिशवी काढून, पानांच्या मध्ये कोरा कागद घालून, पंख्याखाली वाळवत बसले. सगळं वाचलं नाही. वाचलं त्यातले काही मराठी अंक मी दुसरीकडं कुठं पाहिलेले नाहीत.

उद्या कुणी प्रकाशक खरोखर पुढं आला, परवाना मिळाला, भाषांतराचा गुंता सुटला, तरी तो विचारणार, मूळ मराठी अंक आहेत कुणाकडं? त्या वेळी अंक निघाले पाहिजेत ते असल्या ट्रंकांतून. काही जण घरचे अंक स्कॅन करून एकमेकांना पाठवतात. ते कायद्यात बसत नाही, आणि फुकट फिरणारी चित्रं पाहून प्रकाशकाचा हात आखडतो, हेही खरं. पण त्यांनी तसं केलं नसतं तर कित्येक मराठी अंकांची मुखपृष्ठंसुद्धा आज दिसली नसती. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकदम राहतात, आणि त्यांचं जमत नाही.

तर मंडळी, विनंती एवढीच. आमच्यातले दोघे-तिघे जिल्ह्यात कुणाकडं कोणते मराठी अंक आहेत, याची यादी करतायत. अंक मागत नाहीत, नुसती नोंद. अंकाचा नंबर, गोष्टीचं नाव, पानं पुरी आहेत की नाहीत. दिवाळीची साफसफाई आली की माळ्यावरचा गठ्ठा रद्दीत जायच्या आधी एकदा चाळा. शेवटचं पान असेल तर फारच उत्तम. गंजलेली पिन नखानं हळूच सरळ करून काढा, ओढू नका. ओलसर वाटलं तर उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. सावलीत पंख्याखाली ठेवा. आणि फाटलेल्या पानाला कितीही मोह झाला तरी सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटून पडतो, त्याचा डिंक मात्र पिवळा होऊन वेताळासकट अख्खी चौकट खातो.

नमस्कार.