झरा आटला, पण आधी होता किती?

(दादरमधल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय: खाणीआधी भूजल आणि झरे कसे मोजावेत. त्याकडे येतोच. पण समोर निम्मे चाकरमानी दिसतायत, तेव्हा आधी सिंधुदुर्गातल्या एका जनसुनावणीची गोष्ट.

लोहखनिजाच्या खाणीचा प्रस्ताव होता. मांडव, पंखे, सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या. बाटल्या, बरं का, झरा हाकेच्या अंतरावर असताना! कंपनीचे सल्लागार म्हणाले, झऱ्याचा प्रवाह नगण्य, म्हणून अहवालात घेतला नाही. मागून एक आजी उठल्या. साहेबांनी विचारलं, "आजी, पाणी किती येतं? आकडा आहे?" आजी म्हणाल्या, "पानाक चुनो लावून कात घालीसर कळशी भरता." मांडव हसला, साहेब हसले, आणि इतिवृत्तात नोंद झाली: ग्रामस्थांकडे आकडेवारी नाही.

अहो, भांडं ठरलेलं, वेळ ठरलेला, आणखी काय हवं? नंतर मी घड्याळ लावलं. 10 लिटरची कळशी, 40 सेकंद. दिवसाला 21,600 लिटर. म्हणे नगण्य! एवढ्या पाण्यासाठी आमच्या सोसायटीत टँकर मागवतात आणि पुढच्या सभेत सेक्रेटरी बदलतात.

मुंबईकरांनी फार हसू नये. बाणगंगेत समुद्राला खेटून गोडं पाणी येतं. उद्या शेजारी कुणी खोल तळघर खणलं आणि पाणी कमी वाटलं, तर आधी किती येत होतं हे कुठल्या वहीत दाखवाल?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अध्यक्षांचा स्वभाव मला ठाऊक आहे, चारच धरतो.

तर भराभर. 2006च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार होणाऱ्या पर्यावरण अहवालांत खाणीसाठी बहुधा एका ऋतूची माहिती चालते, तीही पावसाळा वगळून. कोकणात! जून ते सप्टेंबरमध्ये जे मुरतं, त्यावर झरा मे महिन्यापर्यंत चालतो, आणि तेच मोजायचं नाही.

सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळपठारावरचा जांभा सच्छिद्र. पाणी त्यातून उतरतं, खालच्या शेडीच्या, म्हणजे चिकण मातीच्या थरावर अडतं आणि उतारावर झरा होऊन फुटतं. अहवाल म्हणतो, खाण भूजल पातळीच्या वर राहील, परिणाम नाही. कुठल्या पातळीच्या? पायथ्याच्या विहिरीतल्या! शेडीवर थोपलेलं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. सडा खरवडला की मुरणंच संपलं, एकही पंप न लावता.

म्हणून निरीक्षणाच्या विंधनविहिरी वेगवेगळ्या खोलीच्या हव्यात आणि पातळ्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या. पर्जन्यमापक सड्यावरच. झऱ्याचा प्रवाह दर पंधरवड्याला, सोबत पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात किती क्षार विरघळलेत याचा अंदाज. किमान एक पूर्ण वर्ष. पाऊस कमी झाला तर दुसरंही. शिवाय खाणीचा परिणाम पोचणार नाही अशा एखाद्या झऱ्याचीही नोंद हवी, नाहीतर "यंदा पाऊसच कमी" हे उत्तर तयार असतं.

आणि ही वही गावानेही ठेवावी. गणपतीला जाल तेव्हा कळशी लावा, मे महिन्यात पुन्हा लावा. तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. मधल्या नोंदी शाळेतली पोरं घेतील. बाकी प्रश्न खाली चहाला. अध्यक्ष उभे राहिलेत.