शर्यत टिकते, मालिका का टिकत नाही?

मंडळी, आज माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न सरळ आहे. लांब अंतराच्या ट्रायथलॉनची एखादी नवी, स्वतंत्र मालिका कुणी आज सुरू केली, तर ती चालेल का? उत्तर आधीच सांगून टाकतो, उगाच ताटकळत ठेवत नाही. एकटीदुकटी शर्यत चालू शकते, उत्तम चालू शकते. मालिका म्हणूनच जन्माला घातलेली मालिका बहुधा चालत नाही. मात्र रुजलेल्या शर्यतीला पुढे मालिकेच्या फांद्या फुटू शकतात, आणि तसं घडलेलं आहे. हे असं का, तेवढंच आज बोलणार आहे.

लांब अंतर म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. हे आकडे काही कुणी शास्त्र लावून ठरवलेले नाहीत. हवाईतल्या ओआहू बेटावर पोहण्याची एक, सायकलची एक आणि धावण्याची एक अशा तीन वेगवेगळ्या शर्यती होत असत. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याने 1978 साली त्या एकापुढे एक जोडल्या, आणि या शर्यतीचं नाव आयर्नमॅन. 15 जण उतरले, 12 जण पोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांनी आला. यात धंद्याचा विचार कुठेही नव्हता. 1981 साली शर्यत मोठ्या बेटावर, कोनाला गेली. फेब्रुवारी 1982 मध्ये आघाडीवर असलेली ज्युली मॉस शेवटच्या टप्प्यात कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली, आणि ज्युली रांगत रांगत रेषेपलीकडे पोचली. ते टीव्हीवर दिसलं. त्या दिवसापासून या खेळाला प्रेक्षक मिळाला आणि आयर्नमॅन या नावाला किंमत आली.

किती किंमत? 1990 साली ही शर्यत आणि तिचं नाव सुमारे 30 लाख डॉलरला विकलं गेलं. 2015 साली चीनच्या वांडा समूहाने कंपनी घेतली ती 65 कोटी डॉलरला. 2020 मध्ये अॅडव्हान्स या अमेरिकी माध्यम कंपनीने घेतली ती 73 कोटींच्या आसपास. आता मला सांगा, या लोकांनी नेमकं काय विकत घेतलं? स्टेडियम नाही. रस्ते नाहीत, ते सरकारचे. समुद्र तर कुणाचाच नाही. खेळाडू पगारावर नाहीत. उलट तेच पैसे भरून येतात. विकत घेतलं ते एक नाव, आणि त्या नावाच्या टोकाला असलेली जागतिक अजिंक्यपदाची जागा. जगभरातल्या शर्यतींत आपल्या वयोगटात वर आलात, तर त्या एका दिवसाचं तिकीट मिळतं. बाकी सगळी साखळी त्या तिकिटाला लटकलेली आहे.

नवी मालिका काढणारा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो. तो म्हणतो, आयर्नमॅनचं शुल्क भरमसाट आहे, लोक कुरकुरतात, मी तेच अंतर कमी पैशात देतो. लोक कुरकुरतात हे खरंच आहे. पण हौशी खेळाडू वर्षभर पहाटे साडेचारला उठतो, घरच्यांची बोलणी खातो, सायकलीवर नको इतके पैसे उधळतो. या सगळ्या खर्चात प्रवेशशुल्क हा लहान तुकडा आहे. तिथे थोडे पैसे वाचवून तो काय मिळवतो? कचेरीत कुणी विचारलं, तर ‘तेवढंच अंतर, पण वेगळी शर्यत’ असा खुलासा करत बसणं. वर्षभर राबलेल्या माणसाला खुलासा करायचा नसतो. म्हणून स्वस्ताईवर ही लढाई जिंकता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खर्चाच्या बाजूने बघा, कारण खरी गोम तिथे आहे. 180 किलोमीटरचा सायकल मार्ग. 90 च्या दोन फेऱ्या केल्या तरी 90 किलोमीटर रस्ता सांभाळायचा. प्रत्येक चौकात माणूस, मोठ्या चौकात पोलीस, आणि पोलिसांच्या जादा तासांचं बिल आयोजकाच्या नावावर. पाण्यात बोटी, कयाक, जीवरक्षक. ट्रायथलॉनमधले मृत्यू जास्त करून पोहण्याच्या टप्प्यात होतात, तेव्हा तिथे काटकसर चालत नाही. रुग्णवाहिका, विमा, वेळ मोजणारी यंत्रणा, शौचालयं. आणि यातला बराचसा खर्च 300 लोक आले काय किंवा 2500 आले काय, तेवढाच. नुसता हिशेब म्हणून धरा, ठरलेला खर्च 6 लाख डॉलर आहे. 2000 स्पर्धक असतील तर माणशी 300 पडले. 400 असतील तर माणशी 1500. स्वस्तात देतो म्हणणारा आयोजक पहिल्या वर्षी या दुसऱ्या आकड्यापाशी उभा असतो.

त्यात पैशांच्या वेळेचा घोळ. नोंदणी वर्षभर आधी उघडते, शुल्क आधी येतं, खर्च नंतर होतो. तंगीतल्या आयोजकाच्या हातून पुढच्या वर्षाचे पैसे याच वर्षीच्या बिलांत जातात. मग वादळाने किंवा वणव्याच्या धुराने एक शर्यत रद्द झाली, की परत द्यायला काही शिल्लक नसतं. मोठी कंपनी एका शर्यतीचा तोटा दुसरीत मुरवते. सात नव्या शर्यतींच्या मालिकेत सातही तोट्यात असतील, तर मुरवणार कुठे?

अमेरिकेतली दोन उदाहरणं घेतो. रेव्ह थ्री ही मालिका 2009 मध्ये कनेटिकटमधल्या क्वासी मनोरंजन उद्यानातून सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी ओहायोतल्या सीडर पॉइंटला पूर्ण अंतराची शर्यत झाली. कल्पना फार चांगली होती: आईबाप धावतायत, पोरं पाळण्यात बसतायत. व्यावसायिकांना बक्षिसंही बऱ्यापैकी. खेळाडू कौतुक करायचे. तरीही 2014 मध्ये तिच्या शर्यती चॅलेंज या युरोपीय नावाखाली गेल्या, आणि काही वर्षांत तोही डाव आवरला गेला. दुसरी हिट्स मालिका, 2012 ची. तिने एकाच शनिवार-रविवारी अगदी नवख्यांच्या अंतरापासून पूर्ण अंतरापर्यंत सगळं ठेवलं. हिशेब हुशारीचा: लहान अंतराच्या गर्दीवर मोठ्या अंतराचा खर्च निघावा. पण पूर्ण अंतराला बऱ्याच ठिकाणी अगदी थोडी डोकी. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला मागेपुढे चिटपाखरू नसेल, तर वर्षभराच्या तपश्चर्येचा तो माणूस मनातून खचतोच. पुढच्या वर्षी तो गर्दीत जातो, भले जास्त पैसे पडोत.

आता रोथ. जर्मनीतलं, बव्हेरियातलं छोटं गाव. 1980 च्या दशकापासून तिथे ट्रायथलॉन होतं आणि अनेक वर्षं ते आयर्नमॅनच्या नावाखाली होतं. 2001 नंतर ते नातं तुटलं. आयर्नमॅनने आपली शर्यत फ्रँकफर्टला नेली, त्याच देशात, मोठ्या शहरात. कागदावर रोथ तिथे संपायला हवं होतं. कोनाचं, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाचं, तिकीट गेलं, नाव गेलं. हर्बर्ट वॉल्शहोफर यांनी 2002 मध्ये ‘चॅलेंज’ नावाने शर्यत पुन्हा उभी केली, आणि त्यांच्यानंतर 2007 पासून मुलगा फेलिक्स ती चालवतो. आज तिथे नोंदणी उघडली की बघता बघता जागा संपतात. झोलारर बेर्ग नावाच्या चढावर गर्दी इतकी दाटते की सायकलस्वाराला जेमतेम एका चाकाची वाट उरते. 2024 मध्ये मॅग्नस डिटलेव्हने 7:23:24 आणि अॅन हाउगने 8:02:38 अशी पुरुषांची आणि महिलांची या शर्यतीतली तोवरची सर्वांत वेगवान वेळ एकाच दिवशी तिथेच नोंदवली.

नाव गेल्यावर रोथमध्ये उरलं काय? माणसं. हजारोंनी स्वयंसेवक. सायकल मार्गावरचं एखादं एड स्टेशन, म्हणजे खाणंपिणं हातात देण्याचा थांबा, जवळून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. समोरून ताशी 35 किलोमीटर वेगाने माणूस येतोय. बाटली घट्ट धरून उभा राहिलात तर तुमचा हात आणि त्याचा तोल दोन्ही जातात. सराईत स्वयंसेवक बाटलीचा गळा वरून दोन बोटांत सैल धरतो, हात बाहेर काढतो, आपल्याकडे पाणी आहे की मीठ-साखरेचं पेय ते ओरडून सांगतो आणि स्वाराच्या दिशेने चार पावलं पळतो, म्हणजे हिसका बसत नाही. पडलेली बाटली दुसऱ्याने लगेच उचलायची, नाहीतर मागच्याच्या चाकाखाली गेलीच. हे एका सकाळच्या सूचनापत्रकाने येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतं. आणि हीच माणसं रात्री दहाला, चालत चालत येणाऱ्या शेवटच्या स्पर्धकाला कोला आणि गरम सूप देत उभी असतात. कमानी, कठडे, वेळ मोजणाऱ्या चटया ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी नेता येतात. ही माणसं नेता येत नाहीत. मालिका काढणारा ट्रक घेऊन येतो, आणि तिथेच तो अडतो.

रोथचं नशीब म्हणून सोडून द्यायचं असेल तर नॉर्वेतली नॉर्समन घ्या. 2003 पासून. फेरीबोटीवरून पहाटे फिओर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या थंडगार खाडीत, उडी, आणि शेवट गाउस्टाटोपेन या डोंगरावर. ठरलेल्या ठिकाणी पहिल्या 160 मध्ये असाल तरच माथ्यावर जाता येतं आणि काळा टी-शर्ट मिळतो, बाकीच्यांना पांढरा. पण मला त्याहून आवडतो तो हिशेब. तिथे प्रत्येक स्पर्धकाने आपली मदतनीस मंडळी आणि गाडी स्वतः आणायची, खाणंपिणं तेच देतात. वाहतूक बंद नाही, एड स्टेशनांची रांग नाही. मघाच्या खर्चातला मोठा भाग आयोजकाने खेळाचाच नियम करून टाकला! आणि मोजक्या जागा हा तोटा न राहता तीच ओढ झाली. प्रवेश सोडतीने मिळतो. पुढे स्कॉटलंडची केल्टमन, स्वित्झर्लंडची स्विसमन अशा शर्यती आल्या आणि त्यांची मिळून जागतिक मालिका झाली. आधी शर्यत, मग मालिका. ‘चॅलेंज’ मालिकासुद्धा रोथमधूनच पसरली.

आता कुणीतरी म्हणेल, भरपूर भांडवल असेल तर? तोही प्रयोग चालू आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेत मायकेल मॉरिट्झ यांच्यासारख्या बड्या गुंतवणूकदाराचा पैसा आला. 2020 मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या शर्यतीत दहा लाख डॉलरहून जास्त बक्षिसं वाटली गेली. 2024 पासून टी-हंड्रेड नावाने 2, 80 आणि 18 किलोमीटरची, म्हणजे एकूण 100 ची मालिका आहे. त्याच वर्षी आयर्नमॅननेही व्यावसायिकांसाठी 17 लाख डॉलरची बोनस रक्कम ठेवून स्वतःची प्रो मालिका काढली. खेळाडूंचं भलं झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण दोन हजारांच्या आरंभरेषेवर व्यावसायिक काही डझनच असतात. त्यांच्या बक्षिसांनी मागचे हौशी आपोआप येत नाहीत. टीव्हीवर आठ तासांची शर्यत बघणारा प्रेक्षक किती, हे बघूनच तर त्यांनी अंतर कमी केलं. आपल्या प्रश्नातल्या पूर्ण अंतराच्या मालिकेला त्यातून उत्तर मिळत नाही.

आणखी एक धोका, यशाचा. कॅलिफोर्नियातली वाइनमॅन 1990 पासून स्वतंत्रपणे झकास चालली होती. 2016 ला ती आयर्नमॅनच्या नावाने झाली. चांगली शर्यत उभी केलीत की गिऱ्हाईक दारात येतं, आणि 25 वर्षं राबलेल्या आयोजकाने विकलं तर मी त्याला दोष देणार नाही. पण मालिकेच्या स्वप्नातला सगळ्यांत मजबूत खांब असा निघून जातो.

म्हणून कुणी माझ्याकडे पैसे घेऊन आला, तर मी सांगेन की सात गावांची यादी खिशात ठेव. एक गाव घे. अर्ध्या अंतरापासून सुरुवात कर, पूर्ण अंतर मागून येऊ दे. जवळच्या आयर्नमॅनच्या तारखेपासून निदान सहा आठवडे लांब राहा. नोंदणीचे पैसे वेगळ्या खात्यात टाक आणि शर्यत संपेपर्यंत हात लावू नकोस. आणि बाकीच्या सहा गावांत आधीच कुणी ना कुणी स्वतंत्र आयोजक असतील. त्यांच्याकडे मालक म्हणून जाऊ नकोस. विमा एकत्र घ्या, वेळमापनाची यंत्रणा एकत्र भाड्याने घ्या, तारखा एकमेकांना विचारून ठरवा, गुणांची एक समाईक यादी ठेवा. तीन गावं तयार झाली तर त्याला मालिका म्हणा. पहिल्या वर्षी किती जण आले ते मला सांगू नकोस, नवलाईला लोक येतातच. दुसऱ्या वर्षी त्यातले किती परत आले, आणि चौकात उभे राहणारे किती परत आले, ते दोन आकडे घेऊन ये. मग पुढचं बोलू.