सक्तीची चाचणी आणि घरी बसण्याचा पगार

श्रोतेहो, पिथमपूरच्या कारखान्यांत जाणारे, सांवेर रोडवर छोटे उद्योग चालवणारे आणि इंदूरच्या आयटी कंपन्यांत बसणारे असे सर्वच आज समोर आहेत, म्हणून मुद्द्याचे आधी बोलतो. कामगार करोनासारख्या विषाणूची चाचणी नाकारतो तेव्हा आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. वास्तविक त्याची भीती नाकात जाणाऱ्या काडीची क्वचितच असते. अहवाल कोणाकोणाच्या हाती जाईल आणि घरी बसावे लागलेल्या दिवसांचा पगार कोण देईल, या दोन प्रश्नांनी तो धास्तावलेला असतो.

एचआयव्हीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या अधिनियमाने नोकरीसाठी ही चाचणी अट म्हणून घालण्यास मनाई केली आणि संमती व गोपनीयता बंधनकारक केली. करोना मात्र शेजारी उभे राहून काम करतानाही पसरतो, त्यामुळे मालकाची चिंता खोटी म्हणता येणार नाही. लसीकरणाच्या सक्तीविषयी २ मे २०२२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक स्वायत्तता, म्हणजे आपल्या शरीराविषयी आपण ठरवण्याचा हक्क, राज्यघटनेच्या जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानली, तरी सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हेही मान्य केले. तो निकाल लसीचा आहे, चाचणीचा नाही. पण निर्बंध धोक्याच्या प्रमाणात आहे का, ही कसोटी इथेही लावावी, असे माझे मत आहे.

ती लावून पाहू. हजार कामगारांत एकच बाधित आहे आणि चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी एकाला चुकून बाधित ठरवते, असे धरा. अशा वेळी सुमारे दहा निरोगी माणसे घरी पाठवली जातील. साथ ओसरलेली असताना लक्षणे नसलेल्या सर्वांना दर आठवड्याला रांगेत उभे करण्याचा अर्थ हा असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही जानेवारी २०२२ मध्ये लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य व्यक्तींची चाचणी आवश्यक नसल्याचे सांगितले होते.

आता पगाराकडे येतो, कारण खरी गाठ तिथेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळतो. परंतु आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ साधारणतः मिळत नाही, आणि ज्याचे नाव ठेकेदाराने योजनेत नोंदवलेलेच नाही त्याला तर कागदोपत्री आधारही उरत नाही. असा माणूस ताप अंगावर काढून पाळीला येणारच, आणि त्यात मला त्याचा दोष दिसत नाही.

पर्याय आहेत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धत विकसित केली. ज्यांना नाकातली काडी नको असते त्यांना ती सोयीची आहे. लक्षणे दिसताच स्वचाचणीचा संच कंपनीने फुकट द्यावा, बंदिस्त विभागांत हवा खेळती ठेवावी, शक्य असेल तिथे पाळ्या विभागाव्यात. अहवाल फक्त कारखान्याच्या डॉक्टरांकडे जावा. सुपरवायझरला एवढेच कळावे, की अमुक माणूस अमुक तारखेपर्यंत कामावर नाही. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावे टाकण्याची सवय तर आजच बंद व्हावी. चाचणीची सूचना फलकावर लावताना त्याच कागदावर पगारी रजेचे दिवस छापावेत आणि ठेकेदाराकडच्या कामगारांनाही ती रजा लागू असल्याचे स्पष्ट लिहावे, एवढी मागणी संघटनांनी व्यवस्थापनाकडे लेखी करावी.