कुंडीतलं एक झाड

(दृश्य: सकाळची गच्ची. तुळस, कढीपत्ता, जास्वंद, जुन्या बादल्यांत मेथी आणि पुदिना.)

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत, गच्ची म्हणजे वर चढलेलं परसच. माळव्याची काळी माती, थोडं शेणखत, पावसाळ्याचे चार महिने, एवढ्यावर इथे पुष्कळ काही रुजतं. भांगही रुजेल. तिला कुणी जोपासावंच लागतं असं नाही. उत्तरेत ती रस्त्याकडेला आपसूक उगवते. पण या गच्चीवर हौसेनं लावलेलं तिचं एकच रोप हा गंभीर गुन्हा आहे.

(दृश्य: कायद्याचं पुस्तक. एका ओळीवर टेकलेलं बोट.)

1985चा अमली पदार्थांचा कायदा, बोलण्यात एनडीपीएस. त्याचं 8वं कलम परवान्याशिवाय या झाडाची लागवड करायला मनाई करतं. 20व्या कलमात शिक्षा आहे: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड. झाडं किती, हे तिथे विचारलेलंच नाही. कुंडीतलं एक रोप आणि एकरभर पीक एकाच ओळीत बसतात. किती शिक्षा द्यायची ते न्यायाधीश ठरवतात हे खरं, पण खटला मात्र त्याच कलमाखाली चालतो.

आता याच कायद्यातलं दुसरं माप पाहा. याच झाडाचा वाळलेला गांजा 1 किलोपेक्षा कमी सापडला, तर ते अल्प प्रमाण. तिथे जास्तीत जास्त 1 वर्ष कैद, किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाळलेल्या मालाला तराजू आहे, जिवंत रोपाला नाही. हे मला न्यायाचं वाटत नाही.

(दृश्य: भांगेच्या परवानाधारक दुकानाची पाटी. पाटा-वरवंट्यावर वाटली जाणारी पानं.)

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले, फळलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत. म्हणूनच मध्य प्रदेशात भांग परवान्याच्या दुकानांतून उघडपणे विकली जाते, आणि उज्जैनला महाकाळाचा भांगेनं शृंगार होतो. पानाला परवानगी, पण ते पान ज्या झाडाला येतं ते आपल्या कुंडीत चालत नाही.

या भागाला हे पीक नवं नाही. 1893 साली इंग्रज सरकारनं भांग, गांजा आणि चरस यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्यानं देशभर फिरून 1,193 साक्षी नोंदवल्या. तेव्हाच्या मध्य प्रांतात गांज्याची शेती निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तहसिलीत होत असे, म्हणजे इंदूरहून घाट उतरून गेलं की नर्मदेपलीकडे. मुंबई इलाख्यात ती नगर जिल्ह्यात होती. 1894च्या अहवालात आयोगानं लिहिलं, की बेतानं घेतल्यास सहसा अपाय होत नाही, अतिरेकानं होतो, आणि सरसकट बंदीची गरज नाही. आज त्यात एक गोष्ट जोडायलाच हवी: कोवळ्या वयात सुरू झालेलं रोजचं सेवन मनाच्या गंभीर आजारांचा धोका वाढवतं. घरात शाळकरी मुलं असतील, तर ही गोष्ट कायद्याइतकीच महत्त्वाची आहे.

(दृश्य: अंबाडीचं पान, अगदी जवळून.)

मराठी गच्चीवर एक गोंधळ नेहमी होऊ शकतो. अंबाडी! ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणीची फोडणी देऊन आपण जिची भाजी करतो, तिची पानं भांगेसारखीच दिसतात. शास्त्रज्ञांनी तिचं नाव हिबिस्कस कॅनाबिनस ठेवलं ते याच साम्यामुळे. समोरच्या गच्चीवरून बघणाऱ्याला फरक कळणार नाही. जवळून मात्र कळतो. अंबाडीचं पान एकसंध असतं, फक्त खोल चिरलेलं. भांगेच्या दातेरी पर्णिका, म्हणजे पानाची बोटं, एका देठाच्या टोकापासून सुट्या फुटतात. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे असतात. आणि फूल आलं की शंकाच उरत नाही: अंबाडी जास्वंदाच्या कुळातली, फिकट पिवळं फूल, मधोमध गर्द लाल. भांगेची फुलं बारीक, हिरवी, पाकळ्यांचा थाट नसलेली, कारण तिचं परागीकरण वारा करतो. किड्यांना बोलवायला तिला रंग लागत नाही. नर आणि मादी झाडंही सहसा वेगळी.

(दृश्य: भंवरकुआँ भागातल्या खोल्या. ‘किरायाने देना है’ अशा पाट्या.)

वरची खोली विद्यार्थ्यांना भाड्यानं देणाऱ्या काका-काकूंनी 25वं कलम माहीत करून घ्यावं. आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ दिला, तर मालकालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द कायद्यात आहे. तरी महिन्यातून एकदा गच्चीवर चक्कर मारायला काय हरकत आहे?

(दृश्य: डोंगरउतारावरचं हेम्पचं शेत.)

कायद्यात वाट अजिबात नाही असंही नाही. 10व्या कलमानं राज्य सरकार लागवडीला परवाना देऊ शकतं. 14व्या कलमात धाग्यासाठी, बियांसाठी, इतकंच काय बागकामासाठीही लागवडीला मुभा देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडानं हेम्पसाठी, म्हणजे याच झाडाच्या कमी नशेच्या वाणासाठी, ती वापरली. 2020च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानं गांजा आणि चरस सर्वांत कडक यादीतून काढले, 27 विरुद्ध 25 मतांनी, आणि भारताचं मत काढण्याच्या बाजूनं होतं. मग 20व्या कलमात झाडांच्या संख्येला जागा करायला संसदेनं आणखी थांबू नये. ती होईपर्यंत परवान्याशिवाय एकही रोप लावू नका.