उचल फिटायला आठ महिने

मला विषय दिलाय 'गरिबीवर मात करण्यासाठी कार्यशाळा आणि मार्गदर्शन'. एवढं जड नाव आमच्या कामाला कधीच नव्हतं. कोल्हापुरात तालमीच्या वरच्या हॉलमध्ये बसतो आम्ही, बुधवारी रात्री आठला, आणि पोरं त्याला नुसतं 'बुधवार' म्हणतात. बुधवारला येणार काय रे, एवढंच.

आता बुधवारच का, तर पहिलं वर्षभर आम्ही रविवारी सकाळी दहाला घेत होतो. प्रोजेक्टर, उपमा, सर्टिफिकेट, सगळं रीतसर. चाळीस खुर्च्या भरायच्या, आम्ही खूश. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकानं विचारलं की अहो, ही पोरं कोण आहेत? बघतो तर निम्मी कॉलेजची, बायोडाटात एक ओळ वाढावी म्हणून आलेली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चाललेला ती कुठं होती? तर कोण चप्पल लाइनला दुकानात, कोण लॉजवर, कोण पार्किंगला. रविवारी अंबाबाईला बाहेरगावची गर्दी, त्या दिवशी कोण मालक सुट्टी देतोय? आम्ही आपली आमच्या सोयीनं गरिबी हटवत होतो. मग दुकानं बंद व्हायची वेळ धरून रात्री आठ केलं. उपमा बंद, सर्टिफिकेट बंद. माणसं एकदम अकरावर आली, पण ती बरोबर माणसं होती.

त्यात एक मावशी होत्या. घरी चप्पल करतात, नवरा तळ कापतो, टाच बसवतो, त्या वेणी घालतात, पट्टी आणि कान शिवतात. आमच्यातल्या एकानं उत्साहानं फळ्यावर कॉस्टिंग मांडलं. व्यापारी जोडीला साडेतीनशे देतो. त्यातलं 215 रुपयाचं चामडं, दोरा-तेल-पॉलिश धरून 25, राहिले 110. दोघांचे मिळून तास किती? सात. म्हणजे तासाला सोळा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आमचा माणूस खडू ठेवून असा वळला की जसं काय आता बॉम्बच फुटणार. मावशी शांतपणे म्हणाल्या, "सर, हे मला वीस वर्षं झाली ठाऊक हाय. तुम्हाला आज कळलं."

हॉलमध्ये सगळे हसले, आम्हीपण हसलो, पण त्या रात्री आमची निम्मी पुस्तकी कार्यशाळा संपली बघा.

कारण गरीब माणसाला हिशोब येत नाही ही आपली समजूतच चुकीची आहे. त्याला हिशोब येतो, सुटका येत नाही. मावशी त्याच व्यापाऱ्याला का देतात? उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. पावसाळ्यात धंदा थंड, तेव्हा त्यानं पैसे दिलेले, चामडंही तोच उधारीवर देतो, मग माल दुसरीकडं कसा विकणार? ऊसतोडीला जी उचल तीच इथं, फक्त कोयत्याच्या जागी चामडं कापायची रापी. मागं 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली तेव्हा अख्खं गाव पेटलं, जीआय (भौगोलिक मानांकन) 2019 पासून आपल्याकडं आहे म्हणून सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीपण ठेवला, खोटं कशाला बोलू. मावशीच्या जोडीचा भाव त्या आठवड्यातही साडेतीनशेच होता.

म्हणून मग शिकवायचं कमी केलं आणि उचलीच्या मागं लागलो. पाच घरं एकत्र केली, चामडं रोखीनं एकदम घेतलं, जोडीमागं तीस-पस्तीस रुपये तिथंच सुटले. ते हातात द्यायचे नाहीत, उचलीत वळते करायचे, आणि वहीत प्रत्येकानं स्वतः लिहायचं. मावशीची उचल फिटायला आठ महिने लागले. मध्ये दोन घरं भांडून फुटली, त्यातलं एक परत आलं. ह्यात यशोगाथा वगैरे काही नाही, वैतागाचं काम आहे सगळं.

मेंटॉरचं म्हणाल तर आपल्याकडं त्याला वस्ताद म्हणतात. वस्ताद कट्ट्यावर बसून डाव सांगत नाही, लंगोट लावून मातीत उतरतो. आणि ह्या गावात उदाहरण शोधायला लांब जायला नको. शाहू महाराजांचा 1902 चा 50 टक्के आरक्षणाचा आदेश आपण पाठ म्हणतो, वसतिगृहं सांगतो, 1917 चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण सांगतो, पण मला सगळ्यात जास्त पटतं ते गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल. महाराजांच्या पाठबळावर दुकान निघालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. धंदा कसा करावा ह्यावर लेक्चर नाही दिलं हो, गिऱ्हाईक झाले. मला विचाराल तर मेंटॉरिंग म्हणजे एवढंच.

आमच्याकडं एका मेंटॉरला दोनच माणसं, तिसरं नाही. स्वतःच्या खिशातून पैसे उसने द्यायचे नाहीत, कारण दिले की तुम्ही नवे व्यापारी झालात. आणि मोठ्या पगाराचे लोक फार घेऊ नका, त्यांना वेळ नसतो आणि सल्ला भरपूर असतो. उद्यमनगरातला रिटायर टर्नर आमच्याकडं आहे, तो पोरांना फौंड्रीत, मशीन शॉपवर ओळखीनं नेऊन उभा करतो. त्याच्याइतकं काम आमच्या कुठल्या एमबीएनं केलेलं नाही.

दुसरे एक अण्णा, बँकेतून रिटायर झालेले कॅशियर. मावशीचा पीएम विश्वकर्माचा अर्ज त्यांनी भरून घेतला. 2023 ला आलेली कारागिरांसाठीची सरकारी योजना, अठरा व्यवसाय आहेत त्यात, चप्पल करणारेही, अवजारांना 15,000 पर्यंत आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यानं, अठरा महिन्यांत फेडायचं. कागदावर झकास. मंजुरी आली, पण मावशी शाखेत गेल्या की 'उद्या या'. तीनदा उद्या झालं. प्रत्येक उद्याला मावशीचा अर्धा दिवस जातो, म्हणजे अर्धी जोडी. चौथ्या वेळी अण्णा बरोबर गेले. भांडले नाहीत, ओळख सांगितली नाही, आत जाऊन मॅनेजरला भेटले नाहीत. डबा घेऊन गेलेले, काउंटरसमोरच्या बाकड्यावर मावशीशेजारी बसून राहिले. साडेतीनला कागद पुढं सरकला. मी नंतर विचारलं, अण्णा काय केलंत? म्हणाले, "मी काउंटरच्या आत पस्तीस वर्षं होतो, एकटी बाई परत पाठवायला फार सोपी असते."

आता मावशी निम्मा माल स्वतः विकतात, दोन बाहेरची गिऱ्हाइकं धरली आहेत, जोडी साडेपाचशेला जाते. उरलेला निम्मा अजून त्याच जुन्या व्यापाऱ्याला, त्याच भावात. उचल फिटलेली असताना! आमची पोरं चिडली, मावशी, आता कशाला? तर त्या म्हणाल्या, 2019 च्या पुरात पाणी घरात शिरलं, आम्ही शाळेत राहायला, तेव्हा तांदळाचं पोतं घेऊन तोच आला होता, तुम्ही कुठं होतासा?

आम्ही तेव्हा रविवारच्या प्रोजेक्टरचं कोटेशन मागवत होतो.