खासबागेतले नाट्यगृह : कोल्हापूरच्या संगीत रंगभूमीची वास्तू

कोल्हापूरच्या संगीत रंगभूमीविषयी बोलताना आपण नटांची, नाटकांची आणि गायकांची नावे घेतो, आणि ज्या वास्तूत ही नाटके झाली तिचा उल्लेख शेवटी, जाता जाता करतो. आज मी वास्तूपासूनच सुरुवात करणार आहे. संगीत नाटकात वास्तू गाण्यात भाग घेते, असे माझे ठाम मत आहे, आणि ते पटवून देण्यासाठी खासबागेतल्या केशवराव भोसले नाट्यगृहाहून चांगले उदाहरण मला दिसत नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत संगीत नाटक मराठी माणसाच्या घराघरांत पोहोचले. पण ते पोहोचवणाऱ्या नाटक मंडळ्या फिरत्या होत्या. पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड घेऊन त्या गावोगाव जात, आणि मिळेल त्या मांडवात किंवा पत्र्याच्या छपराखाली खेळ लावत. ध्वनिवर्धक नव्हता. पाऊस पत्र्यावर पडू लागला की भाषणे ऐकू येत नसत, आणि कनातीच्या मांडवात स्वर जागेवरच विरून जाई. रात्रभर चालणाऱ्या खेळात पदामागून पद गाणाऱ्या, ‘वन्स मोअर’ आला की तेच पद पुन्हा रंगवणाऱ्या नटाला किती जोर लावावा लागत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्या काळच्या गायनशैलीत आवाजाची फेक आणि तानेचा जोर यांना जे महत्त्व आले, त्यामागे ही परिस्थितीही होती, असे मला वाटते.

अशा काळात एका संस्थानिकाने नाटकासाठी पक्क्या दगडी भिंतींची वास्तू उभारावी, ही मोठी गोष्ट होती. राजर्षी शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी युरोपही पाहिला. रोममधले प्राचीन प्रेक्षागार आणि तिकडची नाट्यगृहे त्यांच्या मनात राहिली. परतल्यावर खासबागेत आधी कुस्तीचे मैदान झाले आणि त्याला लागूनच नाट्यगृह उठले. 1913 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेले काम 1915 च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले आणि वास्तूला ‘पॅलेस थिएटर’ असे नाव मिळाले. मल्ल आणि गवई यांना एकाच आवारात शेजारी शेजारी जागा देणारा हा विचार खास शाहू महाराजांचा आहे. दोन्ही कला त्यांच्या दृष्टीने रियाजाच्या होत्या, आणि दोन्हींचा प्रेक्षक तोच, तालमींतून आणि पेठांतून येणारा सामान्य कोल्हापूरकर होता.

हे नाट्यगृह ज्या शहरात उभे राहिले ते शहर आधीच गाण्याने भरलेले होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात होते. त्यांचे गाणे ज्यांच्या कानांत पक्के बसले होते त्या गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या, आणि साकी-दिंडी या जुन्या छंदांच्या वळणाने जाणारे नाट्यपद ख्याल-ठुमरीच्या अंगाने फुलू लागले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. तरुण नारायण राजहंसांच्या कानाचे दुखणे कळल्यावर शाहू महाराजांनीच त्यांना मिरजेला उपचारांसाठी पाठवले, तिथे ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे महाराष्ट्राचे बालगंधर्व झाले, हे आपण सर्व जाणतोच. गायक, संगीतकार, चित्रकार आणि आश्रयदाता एका गावात होते. उणीव होती ती त्यांना सामावणाऱ्या छपराची.

केशवराव भोसल्यांचा जन्म याच शहरात, 9 ऑगस्ट 1890 रोजी झाला. गरिबीमुळे ते अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि देवलांच्या ‘शारदा’तली त्यांची शारदा गाजली. 1 जानेवारी 1908 रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांना मिळाली होती, वीर वामनराव जोशांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’त त्यांनी मृणालिनी उभी केली, आणि मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’मधून हुंड्याचा प्रश्न त्यांनी संगीत रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांचे गाणे लाडिक आणि लयीत डुलणारे, तर केशवरावांचे चढ्या स्वरातले, दाणेदार तानेचे होते. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर समोरासमोर आले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, विषमज्वराने केशवराव गेले. तेव्हा ते अवघे एकतीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी नेटाने चालवली.

त्यानंतरची कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण ती साऱ्या महाराष्ट्राचीच आहे. बोलपट आला आणि रंगभूमीची माणसे तिकडे वळली. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त 1932 साली गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचेच होते. कोल्हापुरातले नाट्यगृह टिकले, आणि 1957 साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव देण्यात आले. राजवाड्याची ओळख सांगणारी वास्तू गावातल्या एका गरीब घरच्या गायकाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. शाहू महाराजांनाही तो झाला असता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या नाट्यगृहात काम केलेले जुने नट सांगत की माइकशिवाय बोललेले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जाते. यामागे ध्वनीचा सरळ हिशेब आहे. बोलण्याला घुमार, म्हणजे भिंतींवरून परतून रेंगाळणारा नाद, कमी लागतो, नाहीतर एक अक्षर दुसऱ्यावर चढते. गाण्याला मात्र थोडा घुमार हवा असतो, कारण त्यामुळे स्वराला आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मिळते आणि गायकाला आपलाच आवाज परत येऊन आधार देतो. संगीत नाटकाला हे दोन्ही एकाच रात्री, एकाच प्रवेशात, भाषण संपून पद सुरू होते त्या क्षणी लागते. दगडी भिंती ध्वनी परतवतात, लाकूड त्यातला काही शोषते आणि काही स्वतः थरथरून पुढे पाठवते, भरलेल्या खुर्च्यांतली माणसे उरलेला घुमार आवरतात. या सगळ्यांचा मेळ जमला तरच नटाला ओरडावे लागत नाही, आणि ओरडावे लागले नाही तरच हरकत, मुरकी अशा गाण्यातल्या बारीक जागा आणि शब्दाचा लाड या गोष्टी श्रोत्यापर्यंत जातात. म्हणून वास्तू गाण्यात भाग घेते, असे मी म्हणतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह जळाले. छप्पर कोसळले, रंगमंच आणि खुर्च्या भस्म झाल्या, बाहेरच्या दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी कलावंत आणि नागरिक तिथे येऊन रडले. वास्तू होती तशीच उभारावी ही मागणी तेव्हाच झाली आणि पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

‘होती तशी’ या शब्दांचा अर्थ दर्शनी कमानीपुरता आणि दगडाच्या रंगापुरता राहू नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. जळाले ते मुख्यतः लाकूड, आणि आवाज घडवण्यात त्याचाच वाटा मोठा होता. आगीपासून सुरक्षितता हवीच, त्यात तडजोड नको. पण रंगमंचाच्या तक्तपोशीला, छताच्या आतल्या अस्तराला आणि खुर्च्यांना कोणते साहित्य वापरायचे हे ठरवताना वास्तुतज्ज्ञांइतकेच ध्वनितज्ज्ञांचे आणि संगीत नाटकांत उमेदीची वर्षे घालवलेल्या गायक नटांचे मत घेतले जावे. शेवटचा रंग देण्यापूर्वी ऑर्गन, तबला आणि एक गायक घेऊन, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही प्रेक्षागृहांत ‘मानापमान’चा एक प्रवेश करून पाहावा, शेवटच्या रांगेत बसून ऐकावे, आणि तिथे शब्द पोहोचत नसतील तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकलून ती उणीव आधी दूर करावी.