झेडएफएस सोलारिसबाहेर कशी पडली

डिस्कवरचा एखादा बिट कधी कधी गुपचूप बदलतो. डिस्क कुरकुर करत नाही, फाइलही उघडते. बिघाड लक्षात येईपर्यंत खराब प्रत बॅकअपमध्येही जाऊन बसलेली असते.

सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये काम सुरू केलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली कुठे-कशा ठेवायच्या हे सांभाळणारी व्यवस्था) डिस्कवर विश्वासच ठेवत नाही. इथे ब्लॉकचा, म्हणजे डेटाच्या तुकड्याचा, चेकसम (त्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) त्या ब्लॉकसोबत नसतो. तो असतो त्याचा पत्ता सांभाळणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये. वाचताना हिशेब जुळला नाही, की मिररमधली, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरच्या नकलेतली, चांगली प्रत पुढे केली जाते आणि खराब जागा तिथल्या तिथे दुरुस्त होते. शिवाय बदल आधी नव्या जागी लिहिला जातो, मगच पत्ता बदलतो. मध्येच वीज गेली तरी जुना डेटा शाबूत!

२००५ मध्ये ओपनसोलारिस या सोलारिसच्या खुल्या रूपासोबत तिचा सोर्स कोड खुला झाला. फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर ती आणली पावेल याकुब दाविदेक यांनी. २००८ च्या ७.० आवृत्तीत ती आली. ॲपलने मॅकसाठी हाती घेतलेलं काम २००९ मध्ये सोडून दिलं.

लिनक्सपाशी मात्र घोडं अडलं, आणि तेही परवान्यावरून. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, जीपीएल या परवान्याखाली, झेडएफएस सीडीडीएल या परवान्याखाली. दोन्ही परवाने मुक्त, पण एकत्र नांदायला राजी नाहीत. म्हणून ती आजही कर्नलला बाहेरून जोडायचं मोड्यूल आहे, आणि नवा कर्नल टाकण्याआधी मोड्यूल त्याच्याशी जुळतं का, हे पाहावंच लागतं. अशा अडचणीतही अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने सुपरकॉम्प्युटरच्या अवाढव्य डेटासाठी ती लिनक्सवर नेटाने आणली. या कामाचं मोल फार मोठं आहे.

२०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ओरॅकल कंपनीकडे गेली आणि सोलारिसमधला पुढचा कोड खुला होणं बंद झालं. वेगवेगळ्या सिस्टिमवरचे डेव्हलपर २०१३ मध्ये ओपनझेडएफएस या नावाखाली एकत्र आले. २०२० च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स आणि फ्रीबीएसडीसाठी सोर्स कोड एकच आहे.

फ्रीबीएसडीवर पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क, ‘झेडपूल एक्स्पोर्ट’ या कमांडने मोकळा करा, डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला लावा, ‘झेडपूल इम्पोर्ट’ करा. फाइल, स्नॅपशॉट (त्या त्या क्षणीच्या डेटाच्या जतन केलेल्या स्थिती), सगळं जसंच्या तसं. बाइट उलट्या क्रमाने मांडणाऱ्या स्पार्क प्रोसेसरवर लिहिलेला डेटाही ती पीसीवर वाचते. मात्र पूलवर चालू केलेली फीचर्स दोन्हीकडे ओळखीची हवीत. त्यामुळे दोन सिस्टिममध्ये फिरणाऱ्या पूलवर नवी फीचर्स चालू करणारं ‘झेडपूल अपग्रेड’ घाईने चालवू नका. ओपनझेडएफएस २.१ पासून तर पूल तयार करतानाच ‘कम्पॅटिबिलिटी’, म्हणजे कुठल्या आवृत्त्यांशी जुळवून घ्यायचं, ते ठरवून ठेवता येतं.